लोप पद्धत मला कशी समजली

दिवसा पोळी-भाजी केंद्रात काम, संध्याकाळी सदाशिव पेठेतली रात्रशाळा. दहावीच्या गणित भाग 1 मधलं पहिलंच प्रकरण दोन चलांतल्या (चल म्हणजे किंमत शोधायची ते अक्षर) रेषीय समीकरणांचं. त्यातल्या लोप पद्धतीत एक चल घालवून दुसऱ्याची किंमत काढतात. 'खालच्या ओळीची चिन्हं बदला आणि बेरीज करा' एवढं पाठ होतं, उत्तरही यायचं. पण एका समीकरणातून दुसरं वजा का करता येतं, हे कळल्याशिवाय मला पुढे जायचं नव्हतं.

सरांना तसं विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, तुमच्याच खरेदीचा हिशोब मांडा की." आमच्या वहीत मंडईच्या खरेदीची नुसती बेरीज असते, भाव नसतो. एक दिवस 3 किलो कांदे, 2 किलो बटाटे, 130 रुपये. दुसऱ्या दिवशी 2 किलो कांदे, 3 किलो बटाटे, 120 रुपये. भाव दोन्ही दिवशी तोच. किलोभर कांद्यांचा भाव क, बटाट्यांचा ब.

3क + 2ब = 130
2क + 3ब = 120

आता 2क + 3ब म्हणजेच 120. डावीकडून 2क + 3ब काढले आणि उजवीकडून 120 काढले, तर दोन्हीकडून सारखंच गेलं. तराजू सरळच राहणार. चिन्हं बदलायची ती याचसाठी! उरलं क − ब = 10. दोन्ही ओळींची बेरीज केली तर 5क + 5ब = 250, म्हणजे क + ब = 50. या दोन छोट्या समीकरणांची बेरीज केली की ब चा लोप होतो, 2क = 60. कांदा 30, बटाटा 20. सहगुणक, म्हणजे चलाला जोडलेले आकडे, असे उलटसुलट असले की आधी बेरीज-वजाबाकी करावी, फार सोपं पडतं. एरवी एका चलाचे सहगुणक गुणून सारखे करायचे. ताळा मात्र दोन्ही समीकरणांत घ्यावाच.

एक हिशोब दुसऱ्याच्या बरोब्बर दुप्पट असेल, तर सहगुणक सारखे करून वजाबाकी केली की 0 = 0 उरतं. दुसऱ्या ओळीने नवं काही सांगितलेलंच नसतं, मग भाव निघणार कुठून?

नंतर सरांनी चीनमधलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातलं उदाहरण दिलं. तिथे ते पटावर काड्या मांडून सोडवत. उत्तम, मध्यम आणि हलक्या पिकाच्या पेंढ्या, प्रत्येकीतून धान्य किती?

3उ + 2म + ह = 39
2उ + 3म + ह = 34
उ + 2म + 3ह = 26

तीन चलं बघूनही मी थेट वजाबाकीला हात घातला. पहिल्यातून दुसरं गेलं, ह नाहीसा झाला: उ − म = 5. पहिल्याची तिप्पट करून तिसरं वजा केलं: 8उ + 4म = 91. पुन्हा दोनच चलं, ती तर सवयीची. उ सव्वानऊ, म सव्वाचार, ह पावणेतीन. तिन्ही ओळींत ताळा जुळला.