आयफोनने मागितलेले दोन बाइट

"दादा, तुझा भाव माझ्या फोनवर वाजतच नाही," असा चांदवडहून मावसभावाचा फोन आला. माझ्या अँड्रॉइडवर तीच लिंक खणखणीत वाजत होती. त्याच्याकडे आयफोन.

मावशीला डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून कांद्याचा रोजचा भाव बोलून दाखवणारं पान मी केलं होतं. ताईने आकडे रेकॉर्ड करून दिले. मराठीत एकोणऐंशी, शहाऐंशी असा प्रत्येक आकडा वेगळा, त्यामुळे नव्याण्णवपर्यंत सगळेच बोलावे लागले. सर्व्हरवरची पीएचपी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) त्या दिवशीचा भाव घेते, एफएफएमपेग या आवाज जोडणाऱ्या प्रोग्रामकडून तुकडे जोडून एमपी३ बनवते आणि पाठवते. हे सगळं एका रविवारात झालं.

पुढचे आठ दिवस आयफोनने खाल्ले. होस्टिंगवाल्यांना तीनदा तक्रार लिहिली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: सर्व्हर व्यवस्थित आहे, ब्राउझरची कॅशे साफ करा. अजून आठवलं तरी राग येतो. लॉगमधल्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतल्या, दोन ओळी कुणी उघडून पाहिल्या असत्या तर आठवडा वाचला असता. शेवटी मीच पाहिल्या. मागणीसोबत येणारे हेडर (माहितीच्या ओळी) हेही लॉगमध्ये लिहायला लावले, तेव्हा कळलं की सफारी (आयफोनचा ब्राउझर) आधी संपूर्ण फाइल मागतच नाही. रेंज हेडरमध्ये ती फक्त ० ते १ एवढेच बाइट मागते. सर्व्हरला तुकडे देता येतात का, हे ती त्यावरून तपासते. माझी स्क्रिप्ट तिला २०० (‘सगळं ठीक’ सांगणारा उत्तराचा क्रमांक) म्हणून अख्खी फाइल देत होती, म्हणून सफारी तिथेच थांबायची.

उत्तर २०६ (‘हा फक्त तुकडा आहे’) हवं, आणि कंटेंट-रेंज हेडरमध्ये कुठून कुठपर्यंतचे बाइट दिले आणि एकूण किती आहेत, हे दोन्ही हवं. इथे मी आणखी एक संध्याकाळ घालवली. ० ते १ म्हणजे दोन बाइट, शेवटचाही धरायचा. मी लांबी एक लिहिली होती. शेवटातून सुरुवात वजा करून एक मिळवा.

तरी आवाज मधेच तुटायचा. प्रत्येक तुकड्याच्या मागणीला माझी स्क्रिप्ट फाइल नव्याने जोडत होती. ऐकता ऐकता दुपारचा भाव आला की फाइलची लांबीच बदलायची आणि आधीचे तुकडे पुढच्यांशी जुळायचे नाहीत. म्हणून फाइल आधी डिस्कवर पूर्ण बनवा आणि नावातच तारीख व भाव घाला. बनत असताना तिला तात्पुरतं नाव द्या, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या, नाहीतर त्याच क्षणी आलेल्या दुसऱ्याला अर्धी फाइल जाते.

हे सगळं जमल्यावर लक्षात आलं की फाइल डिस्कवर असेल तर स्क्रिप्टने ती वाटायची गरजच नाही. स्क्रिप्टने ब्राउझरला तिकडे वळवावं (रीडायरेक्ट), तुकड्यांचा हिशोब अपाची हा वेबसर्व्हर स्वतः करतो. तुकडे देणाऱ्या माझ्या चाळीस ओळी मी काढून टाकल्या. लॉगिन केलेल्यांनाच फाइल द्यायची असेल तर मात्र त्या ओळी लागतीलच.

हो, स्क्रिप्टमधूनच देणार असाल तर हे आधी तपासा: पीएचपीच्या शेवटच्या ?> या खुणेनंतर एखादी रिकामी ओळ राहिली तर तीही आवाजाच्या बाइटमध्ये मिसळते. ती खूण लिहूच नका. जीझिप (पाठवताना फाइल दाबून लहान करणं) चालू असेल तर त्या पत्त्यापुरतं बंद करा, लांबी चुकते.

आयफोन जवळ नसला तरी चालतं. कर्ल या कमांडला रेंज देऊन पहिले दोन बाइट मागवा. २०६ आलं आणि फाइल दोनच बाइटची उतरली, तर सफारीचंही काम होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनेच फोन केला. ती काही बोलायच्या आधी मागून ताईचा आवाज ऐकू आला: "लासलगाव, उन्हाळ कांदा, सरासरी अठराशे पन्नास."