ठाण्याहून मुरबाडला कॅम्परव्हॅनने: गरम पाण्याचा बंदोबस्त

जानेवारीत मुरबाडच्या पुढे पहाटे चांगलीच थंडी पडते आणि सोबत आई होती. म्हणून भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची आणि अंघोळीची सोय असलेली गाडी, ठरवताना मी सगळ्यात आधी गीझरची चौकशी केली. गाडीत 15 लिटरचा, 2000 वॉटचा विजेचा गीझर होता. घोडबंदर रोडच्या आमच्या घरातही तसाच आहे. पण घरी बटण दाबलं की काम झालं. गाडीत त्याला वीज आणि पाणी कुठून मिळणार, हे आधी पाहावं लागतं.

निघताना टाकी महापालिकेच्या पाण्याने भरून घ्या. आमच्या भागात टँकरचं आणि बोअरचं पाणी सर्रास वापरतात, पण ते जड असतं. कॉइलवर क्षारांचा थर बसतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. माजिवडा, भिवंडी बायपास, कल्याण असा रस्ता घेतला. शहाडच्या पुलावर गाड्या हमखास अडकतात, म्हणून लवकर निघणं बरं. गोवेलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला.

आता मुख्य गोष्ट. ‘गीझर इन्व्हर्टरवर चालतो’ असं गाडीवाले सांगतात. चालतो, पण किती वेळ? 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट वीज लागते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1.2 युनिट असतात आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे एकदा पाणी तापवलं की दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप यांच्यासाठी काही उरत नाही. शिवाय 2000 वॉटसाठी बॅटरीतून 165 अँपिअरहून जास्त करंट ओढला जातो. त्यामुळे मुक्काम वीज मिळेल अशाच ठिकाणी करा. आम्ही मुरबाड तालुक्यातल्या एका शेतघराच्या अंगणात गाडी लावली. 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे ना, हे फोनवरच विचारून घेतलं होतं.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले, तर 2000 वॉटचा गीझर जेमतेम 1225 वॉटचं काम करतो. एरवी अठरा-एकोणीस मिनिटांत तापणारं पाणी मग अर्धा तास घेतं. म्हणून आम्ही पहाटे, शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू व्हायच्या आधी पाणी तापवलं. एक्स्टेंशनची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या आणि वेटोळं पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर तापते. 55 अंशांच्या 15 लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं तीस लिटरच्या आसपास मिळतं. हँडशॉवर मधेमधे बंद केला तर तिघांना पुरतं. आईला पहिला नंबर दिला.

स्विच लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि हवा न फुसफुसता सलग धार येईपर्यंत थांबा. गीझरची टाकी रिकामी असताना कॉइल तापली तर ती लगेच जळते. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, तापलेलं पाणी फुगतं म्हणून तसं होतं. तो व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका.

गॅसबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. अमेरिकेतल्या मोटरहोममधला गीझर बहुधा प्रोपेनवर चालतो. त्याची टाकी साधारण 6 गॅलनची, म्हणजे 23 लिटरची असते आणि 12 व्होल्टची बॅटरी फक्त ठिणगीला आणि कंट्रोलला लागते. ज्योतीला हवा बाहेरून मिळते, धूरही बाहेरच जातो. आपल्याकडे बाथरूमच्या भिंतीवर लावतात तो गॅस गीझर खोलीतलीच हवा घेतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. बंद बाथरूममध्ये माणसं त्याने गेली आहेत. असा गीझर व्हॅनमध्ये दिसला तर ती गाडी घेऊच नका, मग भाडं कितीही कमी असो.

गाडी परत देताना गीझर बंद करून पाणी गार होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा आणि मगच टाकीचा खालचा प्लग काढा. साचलेलं पाणी उन्हात उभ्या गाडीत दोन दिवसांत वास मारतं.