चोवीस की पस्तीस?

लेक पाचवीत आहे. परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच आठवड्यात शिकवून झालं आणि तिच्या डोक्यात दोन्हीची खिचडी झाली. वही उघडली की भांडण ठरलेलं, म्हणून मोबाइलवर एक साधा गेम उतरवून दिला. वरून आयत घसरत येतात, खाली तीन आकडे असतात. आयत जमिनीला टेकायच्या आत त्याच्या क्षेत्रफळाच्या आकड्यावर बोट मारायचं. तीन चुका झाल्या की खेळ खल्लास.

पहिली लेव्हल तिने झपाझप पार केली. मी खूश. दुसऱ्या लेव्हलला मात्र अर्ध्या मिनिटात तिन्ही लाइफ गेल्या. चार वेळा हेच. शेवटी शेजारी बसून नीट पाहिलं, तेव्हा कळलं की पहिल्या लेव्हलच्या आयतांमध्ये चौकटीच्या रेघा होत्या आणि बाईसाहेब चौकोन मोजत होत्या. दुसरीत रेघा गायब, नुसतं ७ आणि ५ लिहिलेलं. ती दरवेळी २४ दाबत होती. गेम बनवणाराही बेरकी, पर्यायांत परिमिती मुद्दाम ठेवलेली!

"अगं, गुणाकार कर ना," मी दोनदा ओरडले. "पण का?" तिने विचारलं. माझ्याकडे सूत्र होतं, उत्तर नव्हतं.

मग मोबाइल ठेवून हॉलमधल्या फरशीवर खडूने आयत आखला, एका ओळीत सात फरश्या, अशा पाच ओळी. ती एक-एक मोजायला लागली, तिसऱ्या ओळीला कंटाळली आणि म्हणाली, "प्रत्येक ओळीत सातच आहेत ना? मग सात पंचे पस्तीस." कडेने चालायला लावलं, तेव्हा चोवीस कुठून येतात तेही दिसलं. (खडू पुसायला मलाच लागला.)

त्यानंतर गेम खरा उपयोगी पडला. टायमरमुळे पाढे तोंडावर आले. तिसऱ्या लेव्हलला क्षेत्रफळ आणि एक बाजू देतात, दुसरी शोधायची. ३६ कधी चार नवे म्हणून येतात, कधी तीन बारे म्हणून, आणि उत्तर वेगळं आलं की ती चिडायची. "छत्तीस एकाच आकाराचे कसे नाहीत?"

रविवारी गावाहून आबा, माझे सासरे, आले. त्यांनी सहज विचारलं, "गुंठा म्हणजे किती गं?" तिला माहीत नव्हतं. "तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट." तिने कागदावर गुणाकार केला, १०८९. थोडा वेळ पेन्सिल चावत बसली, खालीच काहीतरी भागलं आणि म्हणाली, "आबा, अकरा फूट रुंद आणि नव्याण्णव फूट लांब असलं तरी गुंठाच ना?"

आबा हसले. "आपली ओढ्याकाठची पट्टी तशीच आहे बघ. बैल वळवायला जागा नाही."