पत्र्याआधी सांधे बघा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले आणि गावेच्या गावे उघडी पडली. अशा वेळी मदत म्हणून पत्रे वाटतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की चार पत्रे कमी द्या, पण हूक, वॉशर आणि तार द्या. छप्पर जाते ते सांध्यांतून.

ताशी १२० किमी वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. छपरावरून जाताना वारा पत्र्याला वर ओढतो, आणि दहा फुटी पत्र्यावर ही ओढ दोनशे किलोंपुढे जाते. पत्रा स्वतः जेमतेम १३-१४ किलोंचा. वळचणीला, कोपऱ्यांत, आढ्यापाशी ओढ आणखी जास्त. वर ठेवलेले दगड-टायर ती रोखत नाहीत, उलट तेच अंगावर येतात.

पत्रा ०.५ मिमी जाडीचा, हूक ८ मिमीचे, जस्त चढवलेले. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावे, खोलगट भागात पाडले की गळते. काठांवर आणि आढ्याला प्रत्येक उंचवट्यावर हूक, मधल्या भागात एकाआड एक. डांबरी वॉशरवर रुंद लोखंडी वॉशर हवाच. नाहीतर पातळ पत्रा भोकापाशी फाटून उडतो आणि हूक जागच्या जागी राहतो.

पत्रा पक्का पण वासा भिंतीवर नुसता टेकलेला, तर अख्खे छप्परच उचलले जाते. वरून मारलेला खिळा ओढ बसताच सरळ निघून येतो. म्हणून प्रत्येक वाशाला ८ गेज तारेचे तीन वेढे भिंतीवरच्या आडव्या लाकडाखालून घेऊन पिळावेत. ते लाकूड १२ मिमी सळईने दर चार फुटांवर जखडावे आणि सळई चिऱ्यांचे किमान तीन थर खाली काँक्रीटमध्ये अडकवावी. एकाच थरात रोवली तर चिऱ्यासकट वर येते. कुडाच्या घरात भिंतीवर भिस्त नको. मेढी (छप्पर पेलणारे लाकडी खांब) तीन फूट पुरून बुंध्याला आडवा तुकडा ठोकावा.

वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढू नये. पडवीचे छप्पर वेगळे ठेवावे, म्हणजे वारा खालून शिरला तरी पडवी जाईल, घर राहील.

पैसे अपुरे असतील तर आधी चारी कोपऱ्यांचे वासे बांधून काठाच्या हुकांची पहिली ओळ करून घ्यावी. खाऱ्या हवेत हूक गंजतात, म्हणून दर मे महिन्यात शाकारणीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या छपराच्या डागडुजीच्या) वेळीच ते हलवून बघावेत आणि गंजलेले लगेच बदलावेत.