मोठी मेथड फोडताना : आमची वाटचाल

नाशिकमधली आमची कंपनी लहान आहे. ग्राहक तीन प्रकारचे: लासलगाव-पिंपळगाव भागातले कांदा व्यापारी, दिंडोरी-निफाडकडची द्राक्षांची पॅकहाउसेस आणि सातपूर-अंबडमधले जॉबवर्क करणारे वर्कशॉप. त्यांची बिलं, हिशोबपट्ट्या, स्टॉक आणि खातेवही आमच्या सॉफ्टवेअरवर चालते. सुरुवात व्हीबी-6 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत झाली, पुढे सगळं सी-शार्प या भाषेत आणलं. त्या प्रवासात काही मेथड (एखादं काम करणारे, नाव दिलेले कोडचे तुकडे) वाढत वाढत हजार ओळींच्या पुढे गेल्या. आज एआय असिस्टंटच्या मदतीने त्या फोडण्याचं, म्हणजे त्यांच्या छोट्या मेथड करण्याचं काम आमच्या कामाचा मोठा भाग झालं आहे. इतरांचा जुना कोडही आमच्याकडे याच कामासाठी येतो. ही पद्धत कशी बसली आणि त्यात काय सांभाळावं लागतं, ते इथे लिहीत आहोत.

अशी मेथड का वाढते, हे आधी समजून घ्यायला हवं. बिल सेव्ह करणारी मेथड घ्या. 2016 मध्ये शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून आडत घेण्याचा नियम राज्यात आला, तेव्हा तारखेवर एक अट पडली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, दुसरी अट. 2018 मध्ये ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र). मग ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल): 2020 मध्ये 500 कोटींच्या उलाढालीपासून सुरू होऊन 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींपर्यंत खाली आलं, तसे एकेक ग्राहक त्यात येत गेले आणि प्रत्येकासाठी एक ‘इफ’ (कोडमधली अट) वाढला. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक वस्तूंचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. पण त्याआधीच्या बिलावरची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) जुन्याच दराने निघते, म्हणून जुना दर कोडमधून काढता येत नाही. यातली प्रत्येक भर त्या त्या वेळी योग्यच होती. सगळ्या एकाच मेथडमध्ये पडल्या, एवढंच.

लांबी मोजण्यापेक्षा आम्ही फांद्या, म्हणजे अटीमुळे वाट फुटते त्या जागा, मोजतो. थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी सोपी आहे: निर्णयाच्या जागा मोजा आणि एक मिळवा. दहापर्यंत ठीक, त्यापुढे मेथड तपासायला अवघड. एकमेकांवर अवलंबून नसलेले दहा ‘इफ’ असले तर वाटा 1024 होतात. त्या सगळ्या कोणी हाताने तपासत नाही. उलट, शंभर ओळींची पण एकही फांदी नसलेली रिपोर्टची मेथड, किंवा राज्याच्या कोडवरून राज्याचं नाव देणारा लांबलचक ‘स्विच’, यांना आम्ही हात लावत नाही. ते वरून खाली सरळ वाचता येतं. त्याचे तुकडे केले तर वाचणाऱ्याला उगाच दहा ठिकाणी उड्या माराव्या लागतात.

एआय हाताशी आल्यावर सगळ्यांना पहिला मोह होतो तो अख्खी मेथड चिकटवून ‘रिफॅक्टर कर’ (काम तेच ठेवून रचना सुधार) म्हणण्याचा. त्यातून मिळणारा कोड दिसायला देखणा असतो, बिल्डही होतो आणि तरीही त्यावर विश्वास ठेवता येत नाही. कारण मेथड लांब असली की मधल्या ओळी गळतात, कधी ‘बाकीचा कोड पूर्वीप्रमाणे’ अशी कॉमेंट टाकून खरा कोडच वगळलेला असतो, आणि फोडता फोडता मॉडेल ‘सुधारणा’ही करून टाकतं. फोडणं आणि सुधारणं एका डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) मिसळलं की कुठल्या ओळीने आकडा बदलला, ते सापडत नाही.

म्हणून आमचं काम टेस्टपासून सुरू होतं. कोडने काय करायला हवं ते यात तपासत नाही. तो आज काय करतो ते नोंदवून ठेवतो. जुनी खरी बिलं घेतो, त्यांतली नावं, जीएसटी क्रमांक आणि बँक खाती बदलून टाकतो, ती जुन्या मेथडमधून चालवतो आणि निघालेलं सगळं फाइलमध्ये साठवतो: करांचे आकडे, राउंड ऑफ, स्टॉकच्या नोंदी, खात्यातल्या जमा-नावे, वापरकर्त्याला दिसणारे संदेशसुद्धा. फोडल्यानंतर तीच बिलं पुन्हा चालवून फाइल अक्षरन् अक्षर जुळवतो. यात एक अडचण हमखास येते: मेथडच्या पोटात आजची तारीख थेट वाचलेली असते, त्यामुळे आउटपुट रोज बदलतं. ती तारीख आधी पॅरामीटरने (मेथड बोलावताना दिलेल्या माहितीने) बाहेरून द्यावी लागते. बिलं निवडताना साधी बिलं कमी आणि कडेची जास्त घ्यावीत: शून्य रकमेचं, रद्द केलेलं, मार्च-एप्रिलच्या सीमेवरचं, परराज्यातलं, क्रेडिट नोट, आणि बरोबर 50 पैशांवर येणारं.

50 पैशांचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण एआय सगळ्यात जास्त वेळा इथेच घोळ घालतो. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 170 प्रमाणे 50 पैसे किंवा अधिक असतील तर रुपया वर जातो. सी-शार्पचं ‘मॅथ राउंड’ मात्र काही न सांगता वापरलं तर निम्म्यावरची रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं: 12.50 चे 12 आणि 13.50 चे 14. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं ‘राउंड’ 12.50 चे 13 करतं. जुन्या कोडमध्ये म्हणूनच कुणीतरी ‘रकमेत 0.5 मिळवून फ्लोअर (खालचा पूर्णांक) घे’ असं लिहिलेलं असतं. एआयला ते जुनाट वाटतं आणि तिथे ‘मॅथ राउंड’ येतं. 12.50 चे 13 होते, ते 12 होतात. आता तुम्ही ‘शून्यापासून दूर’ हा पर्याय द्यायला सांगितलात, तरी क्रेडिट नोटमध्ये रक्कम ऋण असते: फ्लोअरच्या रीतीने -12.50 चे -12 होतात, नव्या रीतीने -13. यातलं कोणतं बरोबर, हे ठरवायचंच असेल तर ते सीएंना विचारून वेगळ्या कमिटमध्ये (वेगळ्या नोंदवलेल्या बदलात). फोडताना आकडा हलता कामा नये.

टेस्ट उभ्या राहिल्या की एआयला आधी फक्त वाचायला देतो. आमचा प्रॉम्प्ट साधारण असा असतो: ‘ही मेथड वाच. कोड लिहू नको. कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत एक काम चालतं, ते सांग. प्रत्येक तुकडा बाहेरचे कोणते व्हेरिएबल वाचतो, कोणते बदलतो, मध्ये कुठे रिटर्न, कंटिन्यू, ब्रेक किंवा एक्सेप्शन आहे, डेटाबेसला कुठे हात लागतो, ते लिही. खात्री नसेल तिथे तसं लिही.’ या नकाशात एआय खरोखर उपयोगी पडतो. माणसाला जे वहीवर आखत बसावं लागायचं, ते काही मिनिटांत मिळतं. तरी ओळींचे आकडे पडताळून घ्यायचे. ते दोन-चार ओळींनी चुकतात.

प्रत्यक्ष कापण्याचं काम मात्र शक्यतो एआयला देत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ या कोड एडिटरमध्ये ओळी निवडून कंट्रोल-आर, कंट्रोल-एम दाबलं की मेथड वेगळी निघते आणि लागणारे पॅरामीटर एडिटर स्वतः काढतो. ते काम तो कोडचा अर्थ लावून करतो, अंदाजाने नाही. कुठे कापायचं आणि नाव काय द्यायचं, याचा सल्ला एआयचा, कात्री एडिटरची. या वाटणीने आमचं रिव्ह्यूचं ओझं सगळ्यात जास्त हलकं केलं. तुकडे एकमेकांत गुंतलेले असले आणि एडिटरला जमत नसलं, तरच एआयला कोड लिहू देतो, तोही एका वेळी एकच तुकडा. नेमक्या ओळी, नेमकं नाव, नेमके पॅरामीटर सांगून, आणि ‘अटी, त्यांचा क्रम, संदेश आणि कॉमेंट बदलू नको’ असं बजावून.

क्रमाबद्दल एक उदाहरण देतो. अंबडमधलं वर्कशॉप महाराष्ट्रातल्याच सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) युनिटला माल देतं. राज्य एकच, कोड 27, तरी सेझला जाणारा पुरवठा आंतरराज्य धरला जातो आणि कर लावायचा तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो. म्हणजे सेझची अट राज्याच्या अटीच्या आधी यायला हवी. ‘एल्स-इफ’च्या रांगेतून एआयने ‘नीटनेटकी’ मेथड बनवताना राज्याची तपासणी वर नेली, तर त्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्र आणि राज्याचा जीएसटी) लागतो. दोन्हींची बेरीज आयजीएसटीएवढीच येत असल्यामुळे एकूण रक्कम जुळते आणि चूक नजरेतून निसटते. टेस्टमध्ये कराचा प्रत्येक रकाना वेगळा जुळवायचा, तो यासाठी.

लूपमधला (प्रत्येक ओळीसाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या कोडमधला) ‘कंटिन्यू’ही असाच. बिलातली रद्द केलेली ओळ वगळण्यासाठी लूपमध्ये ‘कंटिन्यू’ असतो. तो तुकडा वेगळ्या मेथडमध्ये गेला की त्याचा ‘रिटर्न’ होतो, आणि रिटर्न फक्त त्या छोट्या मेथडमधून बाहेर पडतो. लूपचं उरलेलं अंग पुढे चालूच राहतं. रद्द ओळीचाही स्टॉक वजा होतो. अशा तुकड्याने ‘पुढे जायचं की नाही’ हे उत्तर परत द्यायला हवं आणि निर्णय वरच्या मेथडने घ्यायला हवा.

ट्रान्झॅक्शनच्या सीमा सगळ्यात महत्त्वाच्या. बिल क्रमांक, स्टॉकमधली वजावट आणि खात्यातली नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतात, म्हणजे सगळं पक्कं होतं किंवा काहीच नाही. एआय त्यांच्या तीन सुबक मेथड करतो आणि कधी प्रत्येकीला स्वतःचं कनेक्शन उघडून देतो. तिसरी फसली तर पहिल्या दोन पक्क्या झालेल्या असतात: बिल क्रमांक गेला, स्टॉक कमी, पण खात्यात नोंद नाही. जीएसटी नियम 46 प्रमाणे बिल क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव लागतो, त्यामुळे हे पुढे निस्तरणंही कठीण जातं. आमच्याकडे कनेक्शन आणि ट्रान्झॅक्शन उघडणारी मेथड एकच असते, बाकीच्यांना ती पॅरामीटरने मिळतात. ई-इनव्हॉइस पोर्टलला जाणारी विनंती मात्र ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. पोर्टल अडकलं म्हणून टेबल लॉक राहता कामा नये.

काढलेल्या मेथडला सहा-सात पॅरामीटर लागू लागले, तर कापण्याची जागा चुकली आहे किंवा त्या पॅरामीटरचा मिळून एक छोटा क्लास (संबंधित माहिती एकत्र ठेवणारा कोडचा गट) व्हायला हवा. वजन, भाव, हमाली, तोलाई हे नेहमी एकत्रच फिरतात, म्हणजे ती ‘हिशोबपट्टी’ आहे. अशा वेळी एआय बहुधा पॅरामीटर कमी दिसावेत म्हणून ते क्लासच्या फील्डमध्ये ढकलतो. ते आम्ही स्वीकारत नाही. मग मेथड कोणत्या क्रमाने बोलावली यावर आकडा अवलंबून राहतो आणि दोन वापरकर्त्यांची बिलं एकाच वेळी आली तर एकाचं वजन दुसऱ्याच्या पट्टीत जाऊ शकतं.

नावांच्या बाबतीत आमचा आग्रह आहे की ती बाजारातली असावीत. ‘प्रोसेस-डेटा’ किंवा ‘हँडल-स्टेप-2’ यांतून काही कळत नाही. ‘हमाली-तोलाई-वजा-कर’ वाचलं की लासलगावचा मुनीमही सांगू शकतो की हे कुठे यायला हवं.

प्रत्येक तुकड्यानंतर बिल्ड, टेस्ट, कमिट. रिव्ह्यू करताना गिट डिफला ‘कलर-मूव्ह्ड’चा पर्याय देतो, नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात आणि खरोखर बदललेली ओळ लगेच उठून दिसते. न वापरलेला वाटणारा कोड त्याच फेरीत काढत नाही. एखादी मेथड कोडमध्ये कुठेच बोलावलेली नसते, पण रिपोर्ट किंवा रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालू असताना मेथड शोधण्याची सोय) तिला नावाने शोधतो, आणि ते एआयला दिसत नाही. ग्राहकाचा डेटा, कनेक्शन स्ट्रिंग आणि पासवर्ड कोणत्याही एआयला दिले जात नाहीत; फाइल पाठवण्याआधी ते कॉन्फिगमध्ये हलवलेले असतात.

कोटेशन देताना टेस्टची रक्कम आम्ही वेगळी दाखवतो, आणि बहुतेक वेळा ती फोडण्याच्या रकमेपेक्षा मोठी असते. ‘एआय आहे, मग इतका वेळ कशाला?’ असं ग्राहक विचारतात. वेळ टेस्टला लागतो. त्या न लिहिता फोडण्याचं काम आम्ही घेत नाही.

पॅकहाउसचा कोड जानेवारी ते एप्रिल या हंगामात उघडत नाही. ते काम पावसाळ्यात. बाकी ठिकाणी नवी मेथड आधी सावलीत चालते: बिल जुन्या मेथडनेच बनतं, नवी फक्त आकडे काढते आणि फरक पडला तर लॉगमध्ये लिहिते, डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही. महिना पूर्ण झाल्यावर पुढच्या 11 तारखेच्या आत दरमहा भरणाऱ्यांचा जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) जातो. त्याचे आकडे दोन्ही मेथडमधून सारखे निघाले आणि लॉग रिकामा राहिला, की बिल नव्या मेथडवर जातं आणि पुढच्या रिलीजमध्ये जुनी काढून टाकतो.