५० मीटरसाठी स्कोप: चिरेखाणीतल्या आठ महिन्यांची नोंद

गणपतीच्या आधी घर आवरताना एअर रायफलची पिशवी काढली, तर स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. ६-२४×५०, म्हणजे मोठेपणा ६ ते २४ पट आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटर, मोठ्या हौसेने घेतलेला. अख्खा पावसाळा तो फोमच्या पिशवीत पडून होता आणि फोमने ओल धरून ठेवली. तिथून नव्याचा शोध सुरू केला. बजेट माउंट (स्कोप रायफलीवर बसवायची पकड) धरून १२ हजार. आता मे संपत आलाय, मिरग दारात आहे आणि स्कोप पक्का झालाय. स्प्रिंगची रायफल आणि बेताचे पैसे असलेल्यांसाठी ही नोंद.

आधी जागा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळ आमच्या कलमांच्या बागेला लागून आमचीच जुनी चिरेखाण आहे, तिन्ही बाजूंना पुरुषभर उंच जांभा. छर्रा कातळावर आपटला की उलटा येतो, म्हणून टार्गेटमागे आंब्याच्या दोन लाकडी पेट्या चिंध्यांनी गच्च भरून ठेवल्यात, त्यांच्यामागे मातीचा ढीग. चिरे रचून टेबल केलंय आणि रायफलीखाली भाताच्या तुसाची पिशवी. डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय, आणि खाणीत माणूस किंवा जनावर नाही हे बघितल्याशिवाय छर्रा भरत नाही. मारतो ते फक्त कागदावर. रायफल .१७७ (नळीचा व्यास, इंचात), छर्र्याची ऊर्जा साधारण १६ ज्यूल, म्हणजे परवाना लागत नाही त्या २० ज्यूलच्या मर्यादेतली.

५० मीटर ऐकायला कमी वाटतात. पण २५ ला झीरो केली (नेम धरला तिथेच छर्रा लागेल असं जुळवलं) तर माझा छर्रा ५० वर ११ सेंटिमीटर खाली लागतो. आडवा वारा सेकंदाला एक मीटर असला तरी छर्रा तीनेक सेंटिमीटर सरकतो. एअर रायफलला हाच लांब पल्ला. म्हणून मी पहाटेचा मतलई वारा पडल्यावर आणि समुद्रावरून खारा वारा सुटायच्या आधी, मधल्या तासा-दीड तासात मारतो.

पहिल्या स्कोपमध्ये माझी चूक काचेच्या आधीच झाली होती. मी २४ हा आकडा बघून घेतला. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. सकाळच्या कोवळ्या उजेडात चित्र अंधारलेलं, आणि डोकं केसभर हललं की काळं. ऊन चढल्यावर कातळ तापतो, त्यावरची हवा थरथरते, आणि २४ पटीत ती थरथरही २४ पट दिसते. १२ च्या वर मला खाणीत काहीही जास्त कळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये चुलत भावाचा ३-९×४० आणून लावला. काच छान, पण त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची फुली, म्हणजे क्रॉसहेअर, टार्गेटवर सरकलेली दिसणं) कारखान्यातूनच १०० यार्डांना पक्का केलेला. रायफल तुसाच्या पिशवीत घट्ट बसवली, हात न लावता नुसतं डोकं इकडेतिकडे हलवलं, तर क्रॉसहेअर टार्गेटवर फिरत होतं. हिशेब केला: ४० मिलिमीटरचं भिंग १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला जुळवलं असेल, तर ५० मीटरवर डोळा अगदी कडेला गेल्यास चूक ९ मिलिमीटरपर्यंत जाते आणि २५ मीटरवर १४ पर्यंत. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटचं दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये याच ५० मीटरला कांस्य मिळवलं, तेही स्कोपशिवाय, कारण त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. गाल दर वेळी त्याच जागी टेकवणं हे त्याच्याकडून शिकावं. माझा गाल अजून तेवढा स्थिर नाही, म्हणून पॅरलॅक्स फिरवून जुळवता येणारा स्कोपच घ्यायचा, हे तेव्हा ठरलं.

दुसरी अट स्प्रिंगची. हवा दाबणारा पिस्टन स्प्रिंगने पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि तो टोकाला आदळला की पुढे हिसकते. बरेच स्कोप फक्त मागच्या धक्क्याला बांधलेले असतात. पुढच्या हिसक्याने आतली रेटिकलची (क्रॉसहेअरची) जोडणी ढिली होते. म्हणून स्प्रिंग रायफलला चालतो असं बनवणारा स्पष्ट लिहितो, तोच बघायचा.

जानेवारीत ४-१२×४० मिळाला, वापरलेला, साडेनऊ हजारांना. पुढच्या भिंगाची रिंग फिरवून पॅरलॅक्स जुळतो, आत ओल धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेला आहे. पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या अंगणात एकही छर्रा न मारता तपासला. स्कोप व्हाइसमध्ये आवळला, ५० मीटरवर भिंतीला उभी मोजपट्टी लावली. टरेटचा (नेम वर-खाली करायच्या खुंटीचा) एक क्लिक पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर, १०० क्लिकना ३६३ मिलिमीटर व्हायला हवेत. झाले ३४०. पण परत फिरवल्यावर क्रॉसहेअर बरोबर सुरुवातीच्या रेघेवर आलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा ३४० आणि परत शून्य. मग घेतला. क्लिक थोडा लहान असला तर वहीत लिहून भागतं: ११ सेंटिमीटरला ३० ऐवजी ३२ क्लिक. परत जागेवर न येणाऱ्या टरेटला मात्र इलाज नाही.

रेटिकल दुसऱ्या प्रतलातलं आहे, म्हणजे मोठेपणा बदलला तरी ते तेवढंच दिसतं, त्यामुळे मिल-डॉटचं (क्रॉसहेअरवरच्या मापाच्या ठिपक्यांचं) माप एकाच मोठेपणाला खरं. माझ्याकडे ते १० वर आहे. १० वर रिंग लावून ठेवली आणि विषय संपवला.

माउंटने मात्र फेब्रुवारी खाल्ला. दोन सुट्या रिंगा लावल्या होत्या, आणि ग्रुप (छर्र्यांच्या भोकांचा पुंजका) रोज थोडा वर चढत होता. मला वाटलं स्कोपच गेला. रिंगा आवळतात त्या रायफलीच्या खाचेवर नेलपॉलिशची रेघ मारली, ४० छर्र्यांनंतर बघितलं तर मागची रिंग दीड मिलिमीटर सरकलेली. एकसंध माउंट घेतलं, खाली अडवणारी पिन असलेलं, १,४०० रुपयांना. पिन रायफलीच्या भोकात बसवली. त्यानंतर रेघ हललेली नाही. पहिल्या दिवशीच हे केलं असतं तर महिना वाचला असता.

मार्चपासून पाच छर्र्यांचे ग्रुप ५० मीटरवर ४५ मिलिमीटरच्या आसपास होते. छर्रे वजन करून निवडायला लागल्यावर परवा ३१ चा आला.

आता पावसाची तयारी. काचेवर खारं बसलेलं असतं, ते सुक्या फडक्याने पुसलं तर काचेवरच्या लेपावर ओरखडे उठतात. म्हणून आधी फुंकणीने कण उडवतो, मग ओलसर मऊ कापड. रायफल तेल लावून कपाटात, स्कोप रबरी कडेच्या घट्ट डब्यात. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, ५५ झाले की जेल कढईत मंद आचेवर भाजून परत टाकायचं. काल रात्री डबा बंद केला तेव्हा काटा ४६ वर होता.