फक्कीच्या रेषा

बेळगावात पैलवानांच्या आठवणी काढायला फार खटाटोप करावा लागत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे चहाच्या टपरीवर तीन माणसं तीन तऱ्हांनी सांगतील, आणि तिघंही तावातावाने. पळणाऱ्याचं नशीब तसं नाही. कुस्ती मांडी ठोकून बसून बघता येते; पळणारा शिट्टी वाजली की डोळ्यांसमोरून निघूनच जातो. म्हणून पळणाऱ्यांच्या क्लबाचा इतिहास लिहायचा म्हटलं की पंचाईत. हाती लागतात काळ्या पडलेल्या ढाली, आणि एक ग्रुप फोटो, ज्यात ओळखू येतात ते फक्त प्रमुख पाहुणे.

खरं तर आमच्याकडे सांगण्यासारखं केवढं मोठं नाव आहे! फडेप्पा दरेप्पा चौगुले. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळालेला हा बेळगावचा माणूस. त्या वर्षी अंतरही नेहमीपेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर. फडेप्पा एकोणिसावे आले, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटं पुढे होता, हे कबूल. पण जाड तळाचे बूट आणि मनगटावर स्मार्टवॉच घालून रविवारी पळणाऱ्या आमच्या मंडळींना ही वेळ सांगून बघा. विषय बदलतात.

त्या काळी क्लब तरी कसले! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवायचं आलं. पळणारे बहुतेक शेतकरी, तेही अनवाणी. नियमांची माहिती बेताचीच. मैदान इतकं लहान, की शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायचा बेत होता, असं खुद्द दोराबजींनीच पुढे एका पत्रात लिहिलंय.

मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्याकडेही शंभर मीटर सरळ बसवताना शेवटची रेषा कंपाउंडच्या भिंतीला टेकते. शर्यतीच्या दिवशी भिंतीपाशी दोन दणकट पोरं उभी करतात. त्यांचं काम एकच, येणाऱ्याला झेलायचं. क्लबात पोरांना पळवणारे आमचे मामा पहाटेच फक्कीचा डबा घेऊन वाकतात, दोरी ताणतात, आणि लाल मातीवर पांढऱ्या रेषा ओढत मागे मागे सरकतात. एखादी रेषा वाकडी झाली की चपलेने पुसून पुन्हा. नऊ वाजेपर्यंत क्रिकेटवाले येऊन सगळ्या तुडवणार, हे त्यांनाही ठाऊक असतं.

हल्ली पळायला येतात ती बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, भरतीची तयारी करणारी पोरं. त्यांना मेडल नको असतं; सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसले की झालं. काम झालं की पोरगा गेला लष्करात, त्याचं नाव क्लबाच्या कुठल्या यादीत आलंय का, हे बघायला परत कोण येतो?

परवा मामांना म्हटलं, "पोरांच्या वेळा तरी वहीत उतरवून ठेवा."

"मागची वही पावसात भिजली बघ," ते म्हणाले. "आनि कशाला पायजे? डोक्यात हाय की सगळं." मग घड्याळाकडे बघून एका पोरावर ओरडले, "अरे, वळणावर आत शिरतोस काय गा!"